चिंदीवरचं काळं

खंडेनवमीच्या सकाळी मामाजींच्या घरी देवापुढच्या पाटांवर हत्यारं मांडली जायची. धान कापायचे विळे, कुऱ्हाड, पावशी, नांगराचा फाळ, मामींची कापड बेतायची कात्री आणि या सगळ्यांच्या मधोमध, धुतल्या धोतराच्या घडीवर, रायफल. मामी एकेका पात्याला हळद-कुंकू लावत, अक्षता टाकत, झेंडूचं फूल ठेवत पुढे सरकायच्या. त्या रायफलीपाशी पोचल्या की मामाजींचा जीव वरखाली व्हायला लागायचा. "दस्त्याले लाव, दस्त्याले. वर नोको." मामी ऐकायच्या नाहीत. लाकडाला कुंकू लावलं तर ती लाकडाची पूजा, लोखंडाची कशी होईल, असा त्यांचा सरळ हिशोब. त्या नेमक्या बोल्टच्या गोल बोंडावर बोट टेकवायच्या, आणि वरून चिमूटभर हळद खाचेत सांडायची.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं, येणारे-जाणारे आटोपले, की मामाजी सपरीत चटई टाकून बसायचे. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री. ती वर्षभर रिकामीच असायची, तरी एकदा डोळ्यानं पाहून, एकदा करंगळी घालून, मग पुन्हा एकदा डोळ्यानं. त्यानंतर बोल्ट काढून मांडीवर घ्यायचा आणि जुन्या धोतराच्या चिंदीनं सगळं कुंकू टिपून काढायचं. खाचेत राहिलेली हळद काडीला कापूस गुंडाळून. मग बोल्ट परत जागेवर घालून तो सावकाश मागे-पुढे करायचा आणि मान कलती करून ऐकायचं. वैद्यानं नाडी धरावी तशी त्यांची मुद्रा व्हायची. एक कण राहिला तरी त्यांना कळायचा. "करकर बोलून राह्यली," म्हणत पुन्हा सगळं उघडायचे.

मामाजींचं गाव साकोलीच्या पुढे, तलावाच्या काठी. आमच्या भंडारा जिल्ह्यात गावागणिक तलाव आहेत, आणि मालगुजारांच्या काळातल्या तलावांना सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी' म्हणतात. त्याचं आखूड रूप 'मामा तलाव'. लहानपणी मला वाटायचं, हा तलाव आपल्या मामांचाच आहे. मी तसं वर्गात सांगितलंही होतं. मामाजींकडे तलाव नव्हता. त्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या काही बांध्या होत्या, आणि त्या बांध्यांत रानडुकरं शिरतात म्हणून परवाना काढून घेतलेली ही रायफल होती.

ती थ्री फिफ्टीन, म्हणजे .३१५ बोअरची. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली. पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहिलेल्या थ्री नॉट थ्रीची ही सख्खी बहीण. सांगाडा तोच, बोल्ट तोच, नळीचं भोक तेवढं निराळं, कारण फौजेच्या मापाची गोळी सामान्य माणसाच्या घरात नको, असा सरकारचा दंडक. या घराण्याचा मूळ पुरुष जेम्स पॅरिस ली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला, घड्याळजीचा मुलगा आणि स्वतःही घड्याळजीचं काम शिकलेला. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, आणि मामाजींची ती कलती मान एकदम आठवली. घड्याळजीही असेच ऐकतात.

मामाजी बोल्टला खिट्टी म्हणायचे. शब्द चुकीचा नव्हता. दाराच्या खिट्टीचीच ही थोरली बहीण. वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे जाताना नवं आत जातं, आणि खाली दाबली की कुलूप लागतं. हे चार भाग वेगवेगळे ऐकू येत असतील तर रायफल खडबडीत चालते असं समजावं. चांगल्या हातात त्यांचा एकच आवाज होतो.

हे मी कॉलेजात एन.सी.सी.त गेलो तेव्हा मला कळायला लागलं. म्हणजे मला वाटलं की कळायला लागलं. परेडवर शस्त्रं तपासून झाली की हुकूम यायचा, 'बोल्ट चला', आणि चाळीस पोरांचे चाळीस बोल्ट एकदम खडखडायचे, टिनाच्या छपरावर गारा पडाव्यात तसे. चांदमारीला गेलो की जमिनीवर पालथं पडून पाच गोळ्या झाडायच्या, पण खरी मजा मला त्या खडखडाटातच वाटायची. आमचे उस्ताद हरियाणाचे होते. ते माझ्यामागे उभे राहून म्हणायचे, "बोल्ट को मारो मत बेटा, चलाओ." मी मारायचोच. दणक्यात मागे, दणक्यात पुढे. त्यातच मर्दुमकी आहे अशी माझी समजूत होती.

त्या दिवाळीत मामाजींनी पहिल्यांदा रायफल माझ्या हातात दिली. मी उस्तादांच्या पोराच्या तोऱ्यात बोल्ट खेचला. तो अर्ध्यावर अडकला. आणखी जोर लावला, आणखी अडकला. "मामाजी, हे जाम झाली." ते हसले. "जोर कायले लावून राह्यला? थे सरळ येते, तू तिले वाकडी वढून राह्यला." त्यांनी माझी मूठ सोडवली, बोंडावर फक्त तर्जनी आणि अंगठा ठेवायला लावले, आणि मागे न्यायला सांगितलं. बोल्ट आला. निमूट आला. मूठ वळून खेचलं की हाताचा कोपर बाहेर जातो, बोल्ट खाचेत तिरपा होतो आणि आपणच त्याची वाट अडवतो, एवढीच गोष्ट होती. तरी दोन ठिकाणी खरोखरच काहीतरी लागत होतं. एक मागच्या टोकाला, खरखरीत. दुसरं पुढे ढकलताना शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात, घट्ट.

ते दुसरं म्हणजे दोष नव्हे. ली घराण्याच्या रायफलीत आतली स्प्रिंग दबते ती बोल्ट पुढे ढकलताना, अगदी शेवटी. जर्मनांच्या माउझरमध्ये ती बोल्ट उचलताना दबते, म्हणून माउझरचा बोल्ट उचलायला जड आणि पुढे ढकलायला हलका. शिवाय माउझरचा बोल्ट काटकोनात, ९० अंश उचलावा लागतो, हिचा सुमारे ६० अंशांत उघडतो. त्यामुळे ही इतकी झपाझप चालते की, पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाला मिनिटाला १५ नेम धरलेल्या गोळ्या झाडता आल्याच पाहिजेत अशी अपेक्षा असायची. म्हणजे चार सेकंदांना एक, काडतुसं भरण्याचा वेळ धरून. पण ही शेवटची दोन बोटं ज्याला ठाऊक नाहीत तो तिथे दचकतो, आणि दचकलेला हात पुन्हा जोर लावतो.

मागची खरखर मात्र खरी होती. मामाजींना ती बरीच वर्षं सलत होती.

गावात डिझेल इंजिनं दुरुस्त करणारा एक जण होता. त्यानं सुचवलं की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट बोल्टाला चोपडा, दोनशे वेळा मागे-पुढे करा, लोण्यासारखी चालेल. मामाजींनी डबीसुद्धा आणली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती डबी न उघडता ते परवाना खिशात घालून नागपूरला गेले. मी बरोबर होतो. बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना असलेलं ते जुनं दुकान, पुढे काचेचं कपाट, मागे अंधारी खोली. खोलीत मिस्त्री बसलेले, नाकावर सरकलेला चष्मा. त्यांनी पेस्टची डबी पाहिली आणि ती उचलून खिडकीत ठेवली, उंदराच्या औषधासारखी, हात न पोचेल अशी.

मग त्यांनी जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. घासलेटचा दिवा लावला. वात मुद्दाम मोठी केली. बोल्ट रॉकेलनं धुऊन, पुसून कोरडा केला आणि ज्योतीवर सावकाश फिरवला, वांगं भाजावं तसा, पण अंतर राखून. सगळ्या अंगावर काजळी धरली. काळा ठिक्कर झालेला बोल्ट त्यांनी हलक्या हातानं खाचेत घातला, एकदाच मागे-पुढे केला आणि बाहेर काढून उजेडात धरला. जिथे लोखंड लोखंडाला लागत होतं तिथली काजळी पुसली गेली होती. सगळीकडे काळं आणि एकाच जागी, तिळाएवढी, लखलखीत रेघ. "ये देखो काकाजी, ये बोल रहा था."

तीळभर जागेला त्यांनी तेल लावलेल्या बारीक दगडानं घासलं. मी मोजलं, सात-आठ वेळा. पुन्हा काजळी, पुन्हा पाहणं, पुन्हा तीन हात. आणि थांबले. मामाजींनी विचारलं, बस एवढंच? बोल्टाच्या मागच्या बाजूला डावीकडे एक आखूड कान असतो आणि उजवीकडे लांब फासळी. कुलूप याच दोघांवर लागतं, गोळी सुटताना सगळा मार याच दोघांवर येतो. मिस्त्रींनी ती जागा बोटानं दाखवली आणि मराठीत सांगितलं की या दोघांना पेस्ट लागली असती तर रायफल मस्त चालली असती, पण कुलूप ढिलं झालं असतं. कुलूप ढिलं झालं की बोल्टाचं तोंड आणि काडतुसाची बैठक यांच्यात फट वाढते. फट वाढली की काडतूस फाटतं, आणि आतली आग मागे, डोळ्यांवर येते. बाकीची सफाई हातानं येईल, ते म्हणाले. रिकामी चालवत राहा. तेल थोडं, शिलाई मशीनला घालता तेवढं. जास्त तेल म्हणजे धुळीला निमंत्रण.

धूळ आमच्याकडे कमी नाही. धान मळायच्या दिवसांत तर गावाच्या अंगावरच कोंडा असतो.

तेव्हापासून मामाजींचा नवा नेम सुरू झाला. संध्याकाळच्या रेडिओवरच्या बातम्या संपल्या की सपरीत बसून शंभर वेळा बोल्ट. मोजून शंभर. मामी आतून विचारायच्या, "झाली का माळ जपून?" शंभर झाले की चिंदी फिरवायची. चिंदी काळी व्हायची. रोज काळी. महिन्या-दोन महिन्यांनी ती काळ्याची करडी झाली, वर्षानं नुसती तेलकट. तोवर त्या रायफलीचा आवाज बदलला होता. चार आवाजांचा एक झाला होता, आणि तोही मोठा नव्हता. जीभ टाळूला लावल्यासारखा.

ते काळं म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढे पडला, आणि तो आजीच्या गुंडामुळे.

भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. आता स्टील आणि प्लॅस्टिकनं तो धंदा पार खाल्ला आहे, पण माझ्या आजीच्या लग्नातली सगळी भांडी इथलीच, त्यात पाण्याचा एक थोरला गुंड. नव्या भांड्यावर नाव घालायची आपली रीत. दुकानदार किंवा कारागीर छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांचं नाव कोरून देतो. गुंडावर आजीचं नाव होतं, खाली माहेरचं गाव, तारीख. आजीनं तो गुंड रोज घासला. चिंच आणि राख, कधी विटेचा चुरा. सणाला जास्त. तो इतका चकचकायचा की पाणी भरताना त्यात तिचं तोंड दिसायचं. आजी गेल्यावर वाटण्यांत तो माझ्या आईकडे आला तेव्हा मी निरखून पाहिला. नावातलं शेवटचं 'बाई' तेवढं वाचता येत होतं. गाव गेलं होतं, तारीख गेली होती. साठ वर्षांत तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव घासून काढलं होतं, आणि तिच्या हाताला लागलेलं ते काळंहिरवं पाणी मोरीतून परसातल्या केळीला गेलं होतं.

चिंदीवरचं काळं म्हणजे रायफलच होती, थोडीथोडी. वाहनाचं इंजिन सुरुवातीला 'रुळतं', चप्पल रुळते, सासरी सून रुळते असं आपण म्हणतो. रुळणं हा शब्द ऐकायला किती मऊ आहे. प्रत्येक रुळण्यात कुणाचं तरी काही झिजून गेलेलं असतं, आणि ते कुठल्या चिंदीवर गेलं हे कुणी विचारत नाही. सुनांच्या बाबतीत तर नाहीच नाही.

काडतुसाचं कवचही पितळेचंच. ७० भाग तांबं, ३० भाग जस्त. मामाजींकडच्या काडतुसांच्या बुडाशी 'केएफ' अशी खडकीच्या कारखान्याची अक्षरं असायची. भंडाऱ्याच्या माणसाला पितळ ओळखायला शिकवावं लागत नाही. मामाजी रिकामं कवच नखानं वाजवून म्हणायचे, "आपल्या घागरीहून नरम हाये." बंदूक आमच्या जिल्ह्यात बनत नाही. पण जवाहरनगरला १९६०च्या दशकात आयुध निर्माणी आली, आणि तिथे गोळ्यांना, तोफगोळ्यांना पुढे रेटणारी बारूद बनते. शहरात, आसपासच्या गावांत कितीतरी घरांत कुणी ना कुणी फॅक्टरीत असतो, आणि नुसतं 'फॅक्टरी' म्हटलं की दुसरी कुठली विचारायची गरज पडत नाही. बारुदीच्या कामात घासणं हाच शत्रू. म्हणून अशा कारखान्यांत लोखंडाऐवजी पितळ-कांशासारख्या ठिणगी न पाडणाऱ्या धातूंची अवजारं वापरतात, बुटाला खिळा चालत नाही, खिशात काडेपेटी चालत नाही. मामाजी सपरीत बसून शंभर वेळा घासत होते, आणि त्याच जिल्ह्यात काही हजार हात काहीही घासलं जाऊ नये म्हणून दिवसभर जपत होते. २४ जानेवारी २०२५ला सकाळी तिथे स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. त्या दिवशी गावोगाव लोक आपापल्या घरातल्या माणसाला फोन लावत रस्त्यावर उभे होते. त्याबद्दल याहून जास्त मला इथे लिहवत नाही.

मामाजींच्या शिकारीच्या गोष्टी मी फार ऐकल्या नाहीत. १९७२ला वन्यजीवांचा कायदा आला आणि त्यांनी ते प्रकरण मिटवून टाकलं. नागझिऱ्याचं जंगल जवळ, वनखात्याची माणसं ओळखीची. डुकरं यायची तेव्हा रॉकेलचे रिकामे डबे बडवायचे, फटाके लावायचे, रात्र-रात्र मचाणावर जागायचे. म्हणजे मी पाहिली ती सगळी सफाई, नागपूरची वारी, काजळी, रोजचं शंभर, हे सगळं रायफल झाडायची बंद झाल्यानंतरचं. ज्या दिवसांत ती सगळ्यांत सुरेख चालायला लागली त्या दिवसांत तिला काही काम उरलेलं नव्हतं. मी एकदा त्यांना विचारलंही, मामाजी, कशाला एवढं? त्यांनी उत्तर दिलं नाही. बोल्ट माझ्या हातात दिला आणि चालवायला लावला. मी दोन बोटांनी चालवला. ते ऐकत राहिले.

निवडणुका आल्या की रायफल ठाण्यात जमा करावी लागायची. आचारसंहिता संपली की परत. ती परत यायची तेव्हा मामाजींचा चेहरा पाहण्यासारखा असायचा, माहेरवाशीण पाठवणीनंतर वाळून आल्यासारखा. एकदा घरी येऊन त्यांनी बोल्ट चालवला आणि गप्प झाले. पुन्हा चालवला. मग चष्मा आणवला. बोल्टाच्या दांड्याच्या मुळाशी एक नंबर ठोकलेला असतो आणि सांगाड्यावर तोच नंबर. दोन्ही जुळले पाहिजेत, कारण प्रत्येक बोल्ट आपापल्या सांगाड्यालाच बसवलेला असतो. नंबर जुळत नव्हते. ठाण्यातल्या ढिगात कुणीतरी बोल्ट काढून वेगळे ठेवले असावेत आणि परत देताना अदलाबदल झाली असावी. दुसऱ्याचा बोल्ट जात होता, येत होता, कुलूपही लागत होतं. पण देवळाबाहेर घाईत दुसऱ्याची चप्पल पायात यावी तसं. मामाजी त्याच पायी बसस्टँडवर गेले. त्यांना स्वतःचा बोल्ट सापडला तेव्हा संध्याकाळ झाली होती. परवाना दाखवायच्या आधी त्यांनी तो डोळे मिटून चालवून ओळखला होता, असं ते सांगायचे. त्यात थोडं मीठ-मसाला असेल. मला खरं वाटतं.

मामाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. धारक गेला की परवाना संपतो. घरात कुणाला तो आपल्या नावावर करून घ्यायचा नव्हता. कागदपत्रं होईपर्यंत रायफल घरात ठेवता येत नाही, म्हणून ती नागपूरला परवानाधारक दुकानात जमा केली, आणि मग ती तिथेच राहिली. वर्षाला ठेवणावळ भरायला मी जातो. मिस्त्री राहिले नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. गेल्या खेपेला मी म्हटलं, एकदा बाहेर काढता का? त्यानं काढली, रिकामी असल्याचं दाखवलं, माझ्यापुढे धरली. मी दोन बोटांनी बोल्ट उचलला. वंगण वाळून डिंकासारखं झालं होतं. तो आला, पण ओढून आणावा लागला. मुलगा म्हणाला, रॉकेलनं धुतलं की मोकळा होईल, घासायची गरज नाही. मी म्हटलं, घासू नका.

त्यानं नवी पावती फाडली. तिच्यावर कारखान्याचं नाव, बोअर, बोल्टाचा नंबर आणि सांगाड्याचा नंबर लिहिला. दोन्ही नंबर एकच आहेत. मी तिथेच उभा राहून एकेक आकडा ताडून घेतला.